उसन्या इंजिनाचे विमान

१६ एप्रिल २०२५ रोजी आपल्या अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईचे पहिले प्रवासी विमान उतरले. त्या गोष्टीचे कौतुक वलगावच्या पारावर जितके दिवस पुरले तितकेच ते आमच्या वर्गांतूनही पुरले. तिकिटाचा दर काय, आसने किती, मुंबईस किती वेळात पोहोचते, असे नाना प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारले. विमान कोणत्या देशाचे, हेही एकाने विचारले. इंजिन कोणाचे, हे मात्र कोणीच विचारले नाही. ते विमान ए.टी.आर. ७२ या जातीचे होते. त्याची जुळणी फ्रान्स देशात तुलूज येथे होते, प्रवासी बसतात तो धडाचा भाग इटलीत नेपल्सजवळ घडतो, आणि पंखांना जोडलेली दोन इंजिने कॅनडातील कंपनीची असतात. शांततेच्या काळी, व्यापाराच्या व्यवहारात, अशा उसनवारीचे कोणास काही वाटत नाही व वाटण्याचे कारणही नाही. परंतु ज्या यंत्रावर राष्ट्राचे रक्षण अवलंबून आहे त्याचे काळीज दुसऱ्याच्या घरून मागून आणावे लागले म्हणजे काय घडते, हा प्रश्न निराळा आहे. आणि तो केवळ सेनापतींचा नसून शाळेतील मुलांचा व त्यांच्या आईबापांचाही आहे, असे आमचे मत असल्यामुळे हा लेखप्रपंच.

आमचा वाचकवर्ग बहुतांशी शेतकरी कुटुंबांतला, म्हणून दाखला शेतीचाच घेतो. एखाद्या कास्तकाराजवळ उत्तम सागवानी तिफण आहे, दोर नवे आहेत, बियाणे निवडून ठेवलेले आहे, पण बैलजोडी नाही. मृगाचा पाऊस पडतो. तो शेजाऱ्याकडे जोडी मागावयास जातो. शेजारी भला आहे, नाही म्हणत नाही. "आमचं आटपलं की घेऊन जा," एवढेच म्हणतो. त्याचे आटपते तोवर याच्या वावरातला वापसा निघून गेलेला असतो. दोघांत भांडण नाही, कपट नाही, दोष म्हणून कोणावर ठेवता यावयाचा नाही. आणि तरीही वावर पडीक राहते.

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या विमानांची कथा नेमकी अशीच झाली.

विमानविद्येत इटली हे मागासलेले राष्ट्र होते असे कोणी समजू नये. २३ ऑक्टोबर १९३४ रोजी गार्डा सरोवरावर फ्रान्चेस्को अजेल्लो या वैमानिकाने माक्की कंपनीचे जलविमान ताशी ७०९ किलोमीटर वेगाने उडविले. दट्ट्याच्या इंजिनावर चालणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही जलविमानास तो विक्रम आजतागायत मोडता आलेला नाही. त्या विमानाचा रचनाकार मारिओ कास्तोल्दी हा होता, आणि त्यातील चोवीस सिलिंडरांचे, एकामागे एक दोन इंजिने जोडून केलेले प्रचंड यंत्र फियाट कंपनीने इटलीतच घडविले होते. म्हणजे, पाण्याने थंड राहणारे, अरुंद तोंडाचे, भरधाव इंजिन करण्याची विद्या त्या देशाच्या घरात होती. ती कोठून मागून आणावयाची नव्हती.

पण याच सुमारास, १९३३ मध्ये, तेथील वायुदलाने असा निर्णय केला की लढाऊ विमानांकरिता यापुढे वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनांवरच भर द्यावा. या जातीच्या इंजिनात सिलिंडर बैलगाडीच्या चाकातील आऱ्यांप्रमाणे सभोवार मांडलेले असतात. समोरून येणारा वारा त्यांना थंड ठेवतो. पाण्याची टाकी नाही, नळ्या नाहीत, त्यामुळे एखादी गोळी लागून पाणी गळून जाण्याची भीती नाही. दुरुस्ती सोपी, यंत्र काटक. निर्णय अगदीच अविचाराचा होता असे म्हणता येत नाही. परंतु अशा इंजिनाचे तोंड रुंद असते, आणि रुंद तोंडास हवा अडते. कमी शक्तीच्या यंत्रास ही अडवणूक फार जाचक होते. सुमारे ८५० अश्वशक्तीच्या फियाट इंजिनावर त्या देशाने आपली लढाऊ विमाने उभी केली आणि मोठ्या, पाण्याच्या इंजिनांची वाढ तेथे खुंटली. ज्या घरात चोवीस सिलिंडरांचा विक्रमवीर जन्मला त्याच घरात सहा वर्षांनी हजार अश्वशक्तीचे विश्वासू इंजिन मिळेना. विद्या हाती असणे निराळे आणि ती वापरात ठेवणे निराळे.

१० जून १९४० रोजी इटली युद्धात उतरली तेव्हा तिच्या लढाऊ पथकांत फियाट सी.आर. ४२ हे विमान मोठ्या संख्येने होते. एकावर एक असे दुहेरी पंख, उघडी बैठक, पोटाखाली न मिटणारी चाके. वेग ताशी ४४० किलोमीटरांच्या आतबाहेर. कास्तोल्दीने रचलेले माक्की सी. २०० हे एकेरी पंखांचे विमान पुढच्या काळातले होते खरे, पण तेही त्याच फियाट इंजिनामुळे ताशी ५०० किलोमीटरांपाशी येऊन थबकत असे. वळणात चपळ, हातास हलके, सर्व काही उत्तम. फक्त छातीत दम नाही.

दम जर्मनीजवळ होता. डाइमलर-बेंझ कंपनीचे डी.बी. ६०१ हे बारा सिलिंडरांचे इंजिन. त्याचे सिलिंडर उलट्या बाजूस, म्हणजे खाली तोंड करून, दोन रांगांत बसविलेले असत. इंधन थेट सिलिंडरात पिचकारीने सोडले जाई, त्यामुळे विमानाने एकाएकी नाक खाली घातले तरी इंजिन गचके खात नसे. शक्ती हजार अश्वांहून चांगलीच अधिक. कास्तोल्दीने आपल्याच विमानाचे पंख व शेपटी बव्हंशी तशीच ठेवली, पुढचा भाग नव्याने आखला, आणि त्यात जर्मनीहून आणलेले हे इंजिन बसविले. १० ऑगस्ट १९४० रोजी हे विमान प्रथम उडाले व त्याचा वेग ताशी ६०० किलोमीटरांच्या घरात गेला. रचनाकार तोच, कारागीर तेच; बदलले ते एक काळीज, आणि वेग शंभर किलोमीटरांनी वाढला. या विमानास 'फोलगोरे', म्हणजे वीज, असे नाव मिळाले.

याहून नवलाची गोष्ट १९४१ सालची. फियाटने आपल्या त्या जुन्या दुहेरी पंखांच्या सी.आर. ४२ विमानातही हे जर्मन इंजिन बसवून पाहिले. म्हाताऱ्या घोड्यास तरणे रक्त द्यावे तसे ते विमान ताशी ५०० किलोमीटरांच्या पलीकडे धावले. दुहेरी पंखांच्या लढाऊ विमानाने इतका वेग गाठणे ही अपूर्व गोष्ट होती. असे विमान बनले किती? एक. प्रयोग यशस्वी झाला आणि तेथेच संपला, कारण त्यात घातलेले प्रत्येक जर्मन इंजिन फोलगोरेच्या ताटातून काढून घ्यावे लागले असते. आणि फोलगोरेसच ते पोटभर मिळत नव्हते. आल्फा रोमिओ कंपनीने परवाना घेऊन तेच इंजिन इटलीत घडविण्यास आरंभ केला, परंतु घडणावळ संथ राहिली. फोलगोरे किती बनवावयाची, हे विमानांच्या कारखान्याने ठरवावयाचे नसून इंजिने किती येतात त्यावर ठरू लागले. पुढे १९४४ मध्ये फियाटच्या जी. ५६ या उत्कृष्ट विमानात आणखी मोठे जर्मन इंजिन बसविण्यात आले. तीही दोनच बनली.

जर्मनीने इंजिने हात राखून दिली म्हणून तिला बोल लावावा, तर तिच्या घरची स्थिती काय होती तेही पाहिले पाहिजे. डाइमलर-बेंझची इंजिने मेसरश्मिट विमानांसच पुरी पडत नव्हती. कुर्ट टांक या जर्मन रचनाकाराने १९३९ साली आपले फोके-वुल्फ १९० हे विमान उडविले, त्यात त्याने वाऱ्याने थंड होणारे निराळे इंजिन घातले. आणि त्या योजनेस सरकारी संमती मिळण्याचे एक मोठे कारण हेच होते की ती डी.बी. ६०१ च्या साठ्यास हात लावत नव्हती. शेजाऱ्याचे आपलेच वावर पेरून झालेले नव्हते, मग तो जोडी कोठून देणार?

जपानची गोष्ट याहून दारुण आहे. तेथेही याच इंजिनाचा परवाना घेतला गेला, आणि नकाशे हाती आले म्हणजे विद्या हाती आली असा समज झाला. युद्धाच्या अखेरीस 'हिएन' जातीच्या अडीचशेहून अधिक विमानांचे सांगाडे कारखान्यात इंजिनाविना उभे होते. शेवटी १९४५ साली त्यांत जपानी बनावटीचे, चाकाच्या आऱ्यांसारखे इंजिन घातले गेले आणि मगच ती उडाली.

येथे थांबून एक गोष्ट बोलणे अवश्य आहे. ही सर्व संहाराची यंत्रे होत. त्यांच्या वेगाचे आकडे वाचताना कित्येक मुलांचे डोळे लकाकतात ते आम्ही वर्गात पाहतो, आणि ते पाहून मनास बरे वाटत नाही. त्या वेगाच्या टोकास कोणाचे तरी घर असते. पण यंत्राच्या कथेतील सत्य यंत्र क्रूर आहे म्हणून खोटे ठरत नाही.

हाच कुर्ट टांक १९५६ साली बंगळूरला आला. स्वतंत्र भारताने आपले स्वतःचे जेट लढाऊ विमान घडवावयाचे ठरविले होते व त्या कामी त्याची नेमणूक झाली होती. ज्या कारखान्यात तो आला तो हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये स्थापन केला होता. आणि तेथे त्याच्या जोडीस जे भारतीय अभियंते होते त्यांत अग्रणी होते डॉक्टर विष्णू माधव घाटगे.

घाटगे यांचे नाव आमच्या विद्यार्थ्यांपैकी कितीकांस ठाऊक आहे? क्रिकेटच्या संघातील अकरावा गडी ठाऊक असतो. हे गृहस्थ १९०८ साली कोल्हापूरकडील हसूर या खेड्यात जन्मले. जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकून त्यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळविली. हवा पंखावरून वाहते तेव्हा पंखाला अगदी लगटून असलेला पातळ थर कसा वागतो, याचा उलगडा करणारे ते हेच प्रांट्ल. विमानविद्येचा पायाच या ज्ञानावर रचलेला आहे. घाटगे ती विद्या घेऊन परतले. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत विमानविद्येचे अध्यापन त्यांनी उभे केले, आणि हिंदुस्थानच्या कारखान्यात एच.टी. २ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान रचले. ते ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. त्या विमानावर आपल्या वायुदलातील वैमानिकांच्या कित्येक तुकड्या उडावयास शिकल्या, आणि घाना देशानेही ती विमाने आपणांकडून विकत घेतली. त्याच्या नाकात १५५ अश्वशक्तीचे इंजिन होते, तेही इंग्लंडचे.

आता पाहा. घाटगे यांनीही उसनवारी केलीच होती, आणि तीही जर्मनीतूनच. परंतु जी विद्या त्यांनी ग्योटिंगेनहून आणली ती परत मागण्याचा अधिकार कोणास राहिला नाही. ती त्यांच्या डोक्यात होती, त्यांनी ती शिष्यांच्या डोक्यात घातली, आणि प्रांट्ल यांच्याजवळ त्यामुळे काही कमी पडले नाही. इंजिनाचे तसे नाही. इंजिन पेटीतून येते, त्याच्याबरोबर एक पुस्तिका येते, बिघडले तर कोणाकडे पाठवावयाचे तो पत्ता येतो. आणि ज्याने ते दिले त्याची मर्जी आणि गरज या दोहोंच्या दोऱ्या त्याला बांधलेल्या असतात.

टांक व घाटगे यांच्या हाताखाली जे विमान घडले त्याचे नाव 'मारुत'. त्याची पारख करण्याची पद्धत मोठी गमतीची होती. त्याच आकाराचा एक लाकडी सांगाडा करून, त्यात इंजिन न घालता, तो १९५९ साली एका डाकोटा विमानाच्या मागे दोराने बांधून वर नेत व सोडून देत. इंजिनाविना तो सांगाडा इतका सुरेख तरंगे की रचनेविषयी शंका उरली नाही. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास या वैमानिकाने खरे मारुत बंगळूरवर उडविले. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाण्याच्या आकांक्षेने त्याचा आराखडा केलेला होता. त्याकरिता इंग्लंडातील ब्रिस्टल कंपनीचे ऑर्फियस १२ हे इंजिन निवडले होते. त्यात शेवटच्या नळीत पुन्हा इंधन जाळून आठ हजार पौंडांहून अधिक रेटा मिळावयाचा होता. ब्रिटिशांना स्वतःला त्या इंजिनाची गरज उरली नाही. ते पुरे करावयाचे तर खर्च भारताने सोसावा, अशी अट पुढे आली. भारताने नकार दिला. तेव्हा मारुतात ऑर्फियस ७०३ ही लहान इंजिने घालण्यात आली. प्रत्येकाचा रेटा ४,८५० पौंड, आणि पुन्हा जाळण्याची सोय नाही. ध्वनीच्या दुप्पट वेगास निघालेला हा वायुपुत्र ध्वनीच्या उंबरठ्यापाशीच जन्मभर उभा राहिला.

त्या नकाराविषयी आमचे मत स्पष्ट आहे: तो चुकला. गरीब देशास पैशाची चणचण होती हे मान्य. पण सांगाड्यावर वर्षांची मेहनत ओतून काळजाच्या वेळी हात आखडावा, यास काटकसर म्हणत नाहीत. घर बांधून विहिरीस पैसे उरले नाहीत म्हणणाऱ्याची ही काटकसर झाली.

मग इंजिनाचा शोध इजिप्तपर्यंत गेला. तेथे मेसरश्मिट स्वतः एक विमान रचत होता, आणि फर्डिनांड ब्रांडनर हा ऑस्ट्रियन अभियंता त्याकरिता इंजिन घडवीत होता. त्या इजिप्शियन विमानाचे पहिले उड्डाण १९६४ साली झाले ते कपिल भार्गव या भारतीय वैमानिकाच्या हातून. आणि आपण एक मारुत तेथे पाठवून त्यात ब्रांडनरचे इंजिन १९६७ च्या मार्चमध्ये उडवूनही पाहिले. त्यानंतर अरब-इस्रायल युद्ध झाले, पैसा आटला, आणि १९६९ मध्ये तो उद्योग बंद पडला. एके काळी ज्यांच्या नावांनी युरोपचे आकाश दणाणले होते ते मेसरश्मिट आणि टांक, दोघेही परक्या देशांत बसून, एकाच जातीच्या इंग्रजी इंजिनावर दिवस काढत होते!

१० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास मारुताच्याच एका चाचणी-उड्डाणात मरण पावले. त्या विमानाच्या इंजिनात पुन्हा इंधन जाळण्याची घरगुती सोय करून अधिक रेटा मिळविण्याचा प्रयत्न चालू होता. मारुत एकंदर १४७ बनली. १९७१ च्या युद्धात ती वाळवंटावरून लढली, जमिनीवरील तोफांचा मारा खाऊन एकाच इंजिनावर तळास परतली, आणि शत्रूच्या विमानाने आकाशात त्यांतील एकही पाडले नाही. १९९० पर्यंत ती सर्व निवृत्त झाली. सांगाडा इतका भला असूनही त्यास साजेसे काळीज त्याला कधी मिळाले नाही.

इंजिन एवढे अवघड का, असे विद्यार्थी विचारतील. जेट इंजिनात जळत्या वायूचा झोत ज्या पात्यांवर आदळतो, त्या झोताची उष्णता पाते ज्या धातूचे असते तो धातू वितळण्याच्या मर्यादेहूनही अधिक असू शकते. पाते वितळत नाही, कारण ते आतून पोकळ असते, त्यातून गार हवा खेळविलेली असते, आणि त्याचा धातू असा गोठविलेला असतो की सबंध पाते हा एकच स्फटिक व्हावा. असे बोटभर पाते ओतण्याची कला पुस्तकात मिळत नाही. ती भट्टीपाशी उभे राहून, शंभर पाती वाया घालवून, मग हातास येते. आणि ज्याच्या हातास आली तो दुसऱ्यास सांगत नाही. आपल्या देशाने 'कावेरी' नावाच्या इंजिनाचे काम १९८९ साली मंजूर केले. ते 'तेजस' या लढाऊ विमानाकरिता होते. तेजस ४ जानेवारी २००१ रोजी उडाले ते अमेरिकन इंजिनावर, आणि २००८ साली कावेरीची तेजसपासून फारकत करण्यात आली. मधल्या काळात, १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले त्याची झळ या विमानाच्या कामासही लागलीच होती.

तेजसविषयी आपल्याकडे दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. एक म्हणतो, सारे स्वदेशी आहे. तो इंजिनाचा उल्लेख टाळतो. दुसरा म्हणतो, इंजिन परक्याचे, मग यांनी केले काय? आम्हांस पहिल्याचा राग येत नाही, दुसऱ्याचा येतो. पहिल्यास निदान अभिमान तरी आहे. दुसऱ्याने स्वतः कधी साधा खिळाही ठोकलेला नसतो. कास्तोल्दीचे विमान जर्मन इंजिनावर उडाले म्हणून कास्तोल्दी लहान ठरत नाही, आणि घाटगे तर मुळीच नाहीत. प्रश्न आहे तो पुढे काय करावयाचे हा.

किर्लोस्करांचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. आपल्या वावरातील विहिरीवर बापजाद्यांनी जी ऑइल इंजिने लावली त्यांतील कित्येक १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्करांच्या खडकी येथील कारखान्याची. मूळ विद्या परदेशातून आली होती. पण ती येथे उघडून पाहिली गेली, मोडली गेली, ओतली गेली, आणि शेवटी गावोगावच्या मिस्त्र्यास ते इंजिन अंधारात हाताने चाचपूनही खोलता येऊ लागले. परक्याचे यंत्र आपले झाले ते तेव्हा. असा मिस्त्री पूर्वी दर चार गावांआड एक असे. आता तो म्हातारा झाला आहे आणि त्याच्या मुलास त्याने मुद्दाम त्या धंद्यापासून दूर ठेवले आहे.

आणि येथे, पालकहो, आमचे आपणांशी भांडण आहे. इंजिन करण्याची विद्या बंगळूरच्या प्रयोगशाळेत सुरू होत नाही. एखादे मूल घरातील बिघडलेला पंखा खोलून बसते तेथे ती सुरू होते, आणि त्याच क्षणी घरातून आवाज येतो, "ठेव ते, अभ्यासाला बस." आपले मूल विमान चालवील हे स्वप्न घरोघर आहे, विमानाचे पाते ओतील हे स्वप्न एकाही घरात आमच्या ऐकिवात नाही. हातास तेल लागले की शिक्षण वाया गेले, अशी समजूत शिकलेल्या घरांत तर अधिकच पक्की आहे. एका सुशिक्षित पालकांनी आम्हांस विचारले होते, "गुरुजी, हात काळेच करायचे तर शाळेत कशाला पाठवलं?" प्रांट्ल यांच्या प्रयोगशाळेत पाण्याचा एक हौद होता. त्यातील चाक ते हाताने फिरवीत आणि प्रवाहाचे भोवरे डोळ्यांनी न्याहाळत. ज्या विद्येवर विमाने उडतात ती अशा रीतीने हाताने फिरवून मिळविलेली आहे.

शाळाही निर्दोष नाहीत. हस्तव्यवसायाचा तास वेळापत्रकात असतो आणि दिवाळीनंतर तो बहुतेक ठिकाणी गणिताच्या उजळणीत बुडतो. प्रयोगशाळेच्या कपाटास कुलूप असते, कारण साहित्य फुटेल. उत्तरे तयार मिळतात, मुले ती पाठ करतात, आणि परीक्षेच्या दिवशी ते उसने इंजिन बरे चालतेही. गुण पडतात. पुढे केव्हातरी नवा प्रश्न येतो आणि पुस्तिकेवरील पत्ता शोधावा लागतो.

आणखी एक आक्षेप येतो, आणि त्यात तथ्य आहे म्हणून तो टाळणे योग्य नव्हे. सर्वच गोष्टी आपण कशासाठी कराव्या? ज्याला जे स्वस्त पडते ते त्याने करावे, बाकीचे विकत घ्यावे. कापूस आपण पिकवतो, तलम कापड दुसरा विणतो. ठीक. वऱ्हाडच्या माणसास हा युक्तिवाद ऐकविण्यापूर्वी मात्र थोडा विचार करावा. सरकी काढून कापूस परगावी पाठविणाऱ्याच्या पदरी काय उरते आणि त्याचे सूत-कापड करणाऱ्याच्या पदरी काय, हे येथे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहे. बेलोऱ्यास उतरणाऱ्या विमानाची इंजिने कॅनडाची असोत. सर्व गोष्टी घरी कराव्या असा हट्ट आम्ही धरीत नाही. ज्या थोड्या गोष्टींवाचून ऐन मृगात अडते, तेवढ्या तरी आपल्या गोठ्यात असाव्या.

आपल्या महाराष्ट्रात नाशिकजवळ ओझर येथे १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे. तेथे रशियन मिग विमानांचे सांगाडे घडत आणि इंजिने ओरिसातील कोरापुटच्या कारखान्यातून येत. तेथेच १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरमध्ये बनलेले पहिले तेजस मार्क १-ए आकाशात गेले. या जातीच्या ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला होता, आणि ९९ इंजिनांची मागणी त्याच वर्षी अमेरिकन कंपनीकडे नोंदविली गेली होती. त्यांतील पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये हाती आले. विमाने ज्या मुदतीत द्यावयाची ती त्यापूर्वीच उलटून गेली होती. अमेरिकेने शत्रुत्व केले म्हणून हे झाले नाही. तिच्या कारखान्यात ते इंजिन घडविण्याची रांग बंद पडलेली होती, ती पुन्हा उभी करावी लागली. शेजाऱ्याचे आटपावयाचे होते.

आमच्या शाळेस एका कास्तकाराने आपल्या विहिरीवरील पाच अश्वशक्तीचे जुने, बंद पडलेले ऑइल इंजिन देऊ केले आहे. ते सध्या मागील पडवीत पोत्याखाली झाकून ठेवले आहे. दट्ट्या अडकला आहे, पंप गंजला आहे, फ्लायव्हील मात्र शाबूत आहे. जून महिन्यात शाळा उघडल्यावर दर शनिवारी दुपारी आठवी व नववीचे विद्यार्थी ते खोलण्यास आरंभ करतील. गावातील एक वृद्ध मिस्त्री येऊन बसण्यास कबूल झाले आहेत. मुलींनीही यावे. ज्या पालकांची संमती असेल त्यांनी मुलांस त्या दिवशी जुने कपडे घालून पाठवावे, आणि घरी एखादी जास्तीची कानस किंवा पाना पडून असेल तर तोही बरोबर द्यावा.